रोजचे कपडे आणि चपला-बूट किती काळ टिकायला हवेत?

प्रश्न : टिळकवाडीकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात पाच माणसे आहेत. किराणा-दुधाच्या खर्चाबरोबर कपडे आणि चपला-बुटांचा खर्चही मी वहीत टिपून ठेवतो. यंदा दिवाळीच्या खरेदीआधी वहीची जुनी पाने चाळली, तेव्हा असे दिसले की या सदरातला खर्च केवळ भाव वाढल्यामुळे वाढलेला नाही. तीच वस्तू पूर्वीपेक्षा लवकर पुन्हा विकत घ्यावी लागते, हे त्याचे मोठे कारण आहे.

मी दुचाकीवरून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो. माझ्या शर्टाचे बाकीचे कापड धडधाकट असताना कॉलरची घडी विरते आणि कडेने सुते निघू लागतात. पँट बैठकीच्या जागी इतकी झिरझिरीत होते की उजेडापुढे धरली तर आरपार दिसते. डावा बूट नेहमी उजव्याच्या आधी जातो, कारण गिअर उचलताना दांडी बोटांवरच्या चामड्याला नेमकी एकाच ठिकाणी घासते. तिथला थर आधी काळवंडतो आणि मग सोलतो. पत्नीच्या लेगिंग्ज गुडघ्याला आणि कमरेला सैल पडतात. मुलीचे शाळेचे बूट मेअखेरीस घेतले, तर दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत त्यांचा तळ उकललेला असतो. आईच्या वडगावच्या मागावरच्या सुती साड्या मात्र अजून वापरात आहेत आणि ज्या नेसण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्यांच्या वाकळी झाल्या आहेत.

रोजच्या वापरातला शर्ट, पँट, चप्पल आणि बूट यांचे वाजवी आयुष्य किती धरावे? महाग वस्तू त्याच प्रमाणात जास्त टिकते का, की एका मर्यादेपुढे आपण फक्त नावाचे पैसे मोजतो? आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचा यात वाटा किती? ज्यांचा या व्यवसायांशी संबंध आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर : शहापूरचा कापडवाला

टिळकवाडीकर साहेब, आपल्या वहीत आणखी एक रकाना वाढवावा, असे मी सुचवेन : कपडा किती वेळा धुतला. शर्टाचे आयुष्य महिन्यांत मोजले की हमखास फसगत होते. ज्याच्याकडे कामावरचे तीनच शर्ट आहेत, त्याचा प्रत्येक शर्ट आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला सुमारे 100 वेळा धुतला जातो. ज्याच्याकडे सहा आहेत, त्याचा प्रत्येकी 50 वेळा. दोघांनी एकाच ताग्यातले कापड नेले, तरी पहिला वर्षभराने तक्रार घेऊन येतो आणि दुसरा समाधानी असतो. दुकानात बसून बांधलेला माझा अंदाज असा की, बऱ्या पॉपलिनचा सुती शर्ट 100 ते 150 धुणी नीट काढतो. त्याआधी तो गेला तर कापडात किंवा धुण्याच्या पद्धतीत काहीतरी खोट आहे, असे धरावे.

कॉलर आधी का जाते, याचे उत्तरही धुण्यातच आहे. मानेचा घाम आणि दाढीचे खुंट तिला दिवसभर घासतात हे खरे, पण खरा मार तिला नंतर ब्रशचा बसतो. मळ तिथे सर्वांत जास्त दिसतो म्हणून ब्रशही तिथेच सर्वांत जोराने फिरतो, आणि घडीवर ताणलेली सुते एकेक करून तुटतात. कॉलरला पातळ साबण लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि तळहाताने चोळावे. ब्रश लावूच नये.

किमतीच्या प्रश्नाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे गिऱ्हाइकाचा समज आणि कापडाची वस्तुस्थिती यांत मोठे अंतर असते. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक असते. 40 नंबरचे सूत तेवढ्याच लांबीच्या 20 नंबरच्या सुताच्या निम्म्या वजनाचे भरते. महाग शर्टिंगमध्ये 80 किंवा 100 नंबरचे सूत असते, त्यामुळे ते कापड मऊ लागते, त्याला झळाळी येते आणि ते अंगावर सुरेख बसते. त्यात लांब धाग्याचा कापूस आणि दुहेरी पिळाचे सूत असेल तर ते टिकतेही चांगले, परंतु दगडावर आपटणे आणि पीळ घालून पिळणे त्याला सोसत नाही. म्हणजे एका किमतीपुढे आपण नजाकतीचे पैसे देतो, टिकाऊपणाचे नव्हे. कारखान्यात जाणाऱ्या माणसाने मध्यम नंबरचे, घट्ट विणीचे कापड घ्यावे.

कापड घेताना ते उजेडापुढे धरून वीण सारखी आहे का ते पाहावे. मग त्याचा कोपरा दोन्ही हातांत धरून जोराने चोळावा. पांढरी भुकटी झडली, तर विरळ विणीत खळ भरून वजन दाखवले आहे आणि पहिल्याच धुण्यानंतर ते कापड चिरगुटासारखे लोंबेल, असे समजावे.

टेरीकॉट सुतीपेक्षा जास्त टिकते, कारण त्यातला पॉलिस्टरचा धागा सहजासहजी तुटत नाही. पण त्याच कारणाने त्यावर गोळेही जास्त दिसतात. सुती कापडावरचे गोळे धुण्यात गळून पडतात, तर पॉलिस्टरचा धागा त्यांना धरून ठेवतो. रेयॉनच्या कुर्त्यांबद्दल भगिनींना एक सावधगिरी सांगतो : कापूस भिजल्यावर अधिक बळकट होतो, रेयॉन मात्र भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. तो ओला असताना पिळू नये आणि आपटू तर अजिबात नये. लेगिंग्जमधला ताणला जाणारा धागा उष्णतेने आणि ब्लीचने मरतो. त्यांना कडक ऊन, गरम पाणी आणि इस्त्री या तिन्हींपासून दूर ठेवले तर त्यांचे आयुष्य निश्चित वाढेल.

आपल्या मातोश्रींच्या साड्यांचे मला विशेष वाटले, कारण आमच्या घरीही पूर्वी माग होते. त्या साड्यांचे सूत जाड, वीण घट्ट, आणि साडीला शिवण नसते. शर्टाला बगल, कोपर आणि कॉलर अशा ठरलेल्या जागी रोज ताण बसतो. साडीची निरी रोज थोडी पुढेमागे होते, त्यामुळे झीज सबंध लांबीवर वाटली जाते.

उत्तर : शिवणकाम करणारी, निपाणी

कापडवाले दादांनी लिहिले ते योग्य आहे. मी कापड शिवल्यानंतरचे सांगते, कारण टाकून दिलेल्या कपड्यांपैकी निम्मे कपडे कापड फाटल्यामुळे नव्हे, तर शिवण उसवल्यामुळे किंवा एकच जागा विरल्यामुळे बाद झालेले असतात, असे मला रोज दिसते.

काकांच्या शर्टाची कॉलर उलटून घेता येते. कॉलर पट्टीपासून सोडवायची, विरलेली बाजू खाली आणि खालची कोरी बाजू वर करायची आणि पुन्हा त्याच पट्टीत बसवायची, एवढेच काम आहे. पूर्वी प्रत्येक शिंप्याकडे हे काम असे. आता कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. एक अडचण मात्र आहे. आत इस्त्रीने चिकटवलेले बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे कडक कापड, हलक्या प्रतीचे असेल, तर काही धुण्यांनंतर त्याचा चिकटा सुटून कॉलरवर फुगे येतात. तशी कॉलर उलटून उपयोग नसतो. तिथे नवी कॉलरच शिवावी लागते आणि त्यासाठी लागणारे कापड लांब बाह्यांच्या आखूड बाह्या करून काढता येते.

दुचाकीवरच्या पँटला बैठकीच्या जागी आतून अस्तर लावून घ्यावे, आणि ते पँट नवी असतानाच लावावे. कापड झिरझिरीत झाल्यावर लावलेले अस्तर टाक्याच्या कडेने मूळ कापडच फाडते. मांड्यांच्या आतल्या बाजूलाही हाच उपाय चालतो. जीन्स विरली असेल तर भोक पडण्याची वाट न पाहता आतून कापड ठेवून बारीक रफू करावे.

तयार कपडे घेताना ते उलटे करून शिवणीच्या आतली माया, म्हणजे टिपेपलीकडे सोडलेले जादा कापड, पाहावी, असा माझा आग्रह आहे. शिवून घेतलेल्या कपड्यात आम्ही कमरेला, बाजूला आणि तळाच्या दुमडीत भरपूर माया सोडतो, म्हणून तो कपडा माणसाबरोबर वाढतो. तयार कपड्यात ती एवढी कमी असते की शिवण एकदा कापडासकट सुटली, तर पुन्हा टीप मारायला जागाच उरत नाही. शाळेच्या गणवेशाच्या बाबतीत याचा फरक थेट पैशांत दिसतो. मुलीच्या पिनाफोरच्या घेराला चार बोटे दुमड असेल, तर तो सहज दोन वर्षे चालतो.

उत्तर : अथणीकर

मी पायताणांच्या घरातला आहे, त्यामुळे माझे म्हणणे पायांपुरतेच मर्यादित ठेवतो.

कोल्हापुरी या नावामुळे लोकांना ती केवळ कोल्हापूरची वाटते, पण 2019 साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. अथणी आणि निपाणी भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. पारंपरिक पायताणात खिळा नसतो. तळाचे थर शिवलेले असतात, आणि तीच त्याच्या टिकाऊपणाची मेख आहे. शिवण तुटली तर पुन्हा घालता येते, अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची वादी, तुटला तर नवा बसवता येतो, पट्टा बदलता येतो.

याच चामड्याला पाणी मात्र वर्ज्य आहे. झाडपाल्यात कमावलेले चामडे पाणी पिते, फुगते, थर एकमेकांपासून सुटतात, आणि वाळल्यावर ते कडक होऊन चिरते. म्हणून अस्सल पायताण दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत वापरावे आणि मृगाच्या आधी एरंडेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून, हवेशीर जागी ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कारण आतल्या दमटपणामुळे बुरशी धरते. अशा रीतीने वापरलेली जोडी, मधूनमधून टाच आणि अंगठा दुरुस्त करत, चार-पाच वर्षे आरामात चालते. तीच जोडी जुलैत घालून बाजारात फिरलात, तर एका पावसाळ्यातही तिची वाट लागते. विकत घेताना तळाची कड नीट निरखावी. अस्सल तळात चामड्याचे थर आणि त्यांतून गेलेली शिवण दिसते. कडेला रंगाचा जाड लेप देऊन थर झाकलेले असतील, तर आत पुठ्ठ्यासारखा भरणा असण्याची शक्यता मोठी असते.

आता बुटांकडे येतो. आजचे बहुतेक बूट चिकटवलेले असतात, शिवलेले नसतात. वरचा भाग चांगला असतानाही चिकटा सुटला की बूट संपला, असे गिऱ्हाईक समजते. तो संपलेला नसतो. मोचीकडून तळ सगळीकडून शिवून घ्यावा. वरचा भाग चामड्याचा आहे की रेक्झिनचा, यावर पुढचे आयुष्य अवलंबून असते. चामडे ओरखडले तरी पॉलिशने सावरते, रेक्झिनचा वरचा पापुद्रा एकदा सुटला की तो सोलतच जातो. काकांच्या डाव्या बुटाला गिअरच्या जागी चामड्याचा छोटा तुकडा बाहेरून शिवून घेता येईल, किंवा गिअरच्या दांडीवर चढवायची रबराची टोपी मिळते, ती बसवावी. कामाचे दोन जोड ठेवून एक दिवसाआड घातले तर आतला घाम पूर्ण वाळतो. सतत ओलसर राहिलेले अस्तर आणि आतला तळवा आधी कुजतो.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. धावण्याच्या बुटांचे आयुष्य साधारण 500 ते 800 किलोमीटर धरतात, कारण तेवढ्या अंतरानंतर तळातला मऊ फेसाचा थर दबून जातो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. रोज 4 किलोमीटर धावणाऱ्याचे बूट म्हणजे चार ते सात महिन्यांत उतरणीला लागतात. चालण्यात पायावर आणि तळावर भार कमी येत असल्याने ते बरेच जास्त चालतात. वरून बूट नवा दिसतो, म्हणून लोक ते वापरत राहतात आणि टाच दुखू लागली की दोष वयाला देतात.

उत्तर : खानापूरची शिक्षिका

आमच्या खानापूर तालुक्यात, त्यातही कणकुंबीच्या बाजूला, पावसाळा कपड्यांची आणि बुटांची खरी परीक्षा घेतो, म्हणून त्याविषयी लिहिते.

शाळा मेअखेरीस सुरू होते, म्हणजे मुलांच्या पायांत नवे कोरे बूट येतात आणि लगेच त्यांच्यावर चार महिने पाऊस पडतो. चिकटवलेला तळ रोज भिजला आणि रोज अर्धवट वाळला, तर दसऱ्यापर्यंत उकलणारच. आमच्या शाळेत पालकसभेत विषय काढून आम्ही जून ते सप्टेंबर रबरी सँडलला परवानगी दिली. बूट मुले पावसानंतर घालू लागली, आणि तेच बूट वार्षिक परीक्षेपर्यंत पुरू लागले. टिळकवाडीकर सरांनी आपल्या मुलीच्या शाळेत ही विनंती करून पाहावी.

भिजलेला बूट चुलीजवळ ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. त्याने चामडे आकसून चिरते आणि चिकटाही सुटतो. आतला तळवा बाहेर काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट पंख्याच्या वाऱ्याला आडवा ठेवावा.

कपड्यांचे शत्रू दोन : बुरशी आणि तांबडी माती. बुरशी सुती धागाच खाते, म्हणून तिचे काळे ठिपके पडलेल्या जागी कापड पुढे आधी फाटते. दमट कपडा घडी करून कपाटात ठेवू नये, एवढे सांगायची गरज नाही. पण खळ घातलेल्या साड्या पावसाळ्यात तशाच ठेवणे हेही घातक आहे, कारण खळ हे बुरशीचे आणि कसरीचे खाद्य आहे. मेमध्येच खळ धुऊन काढावी, साड्या कडकडीत वाळवून ठेवाव्यात, आणि रेशमी साड्यांची घडी मधूनमधून मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, नाहीतर त्या घडीवरच उकलतात.

तांबड्या मातीच्या डागावर लोक ब्लीच ओततात. या मातीला रंग लोहामुळे आलेला असतो आणि ब्लीचने तो जात नाही. उलट कापडाचे सूत मात्र कमजोर होते. चिखल आधी पूर्ण वाळू द्यावा, झटकून काढावा, मग धुवावे, आणि राहिलेल्या डागावर लिंबाचा रस लावून थोड्या वेळाने खळबळून काढावा. रंगीत कापडावर मात्र आधी कोपऱ्यात करून पाहावे.

उत्तर : कॅम्पातला वाचक

अथणीकरांच्या एका सल्ल्याला मर्यादा आहे, ती नोंदवतो. तळ शिवून घेतल्याने तो सुटत नाही हे खरे, परंतु सुई जिथून जाते तिथून पाणीही आत येते. कोरड्या दिवसांत घालायच्या बुटांना शिवण अवश्य घालावी. पावसात घालायचे बूट शिवायचे असतील, तर शिवणीच्या खाचेत बाहेरून रबराचे सोल्यूशन भरून घ्यावे, म्हणजे पाणी बऱ्याच अंशी अडते.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. धुण्यांचा रकाना आजच आखला आहे, आणि शाळेतही बोलणार आहे. एक शंका उरली. माझे लग्नसमारंभाचे बूट मी खोक्यात जपून ठेवले होते आणि ते क्वचितच घातले होते. परवा काढले, तर कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्या तळाचे तुकडे पडले. न वापरलेली वस्तू कशी काय झिजते? आणि आता त्यांचे काही करता येईल का?

उत्तर : अथणीकर

काका, तो तळ झिजलेला नाही, विरघळल्यासारखा आतून मोडला आहे. वजनाला हलके आणि पायाला मऊ असे बरेच तळ पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे असतात. हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने त्या पदार्थाची रासायनिक बांधणी हळूहळू तुटत जाते. ही क्रिया बूट पायात असो वा खोक्यात, चालूच राहते. बंद खोक्यात दमटपणा कोंडला तर ती लवकर होते, आणि बेळगावच्या चार महिन्यांच्या ओलीत ती किती वेगाने होत असेल, याची आपणच कल्पना करावी. अशा तळाला चिकटा लावून किंवा शिवून काहीही साधत नाही, कारण टाका धरायला त्यात जीवच उरलेला नसतो.

वरचा भाग खऱ्या चामड्याचा असेल तर बूट टाकू नका. चांगल्या कारागिराकडे जाऊन जुना तळ पूर्ण खरवडून काढायला सांगा आणि त्या जागी रबराचा तळ चिकटवून, वर शिवणही घालून घ्या. रबर वजनाला जड असते, पण असे भुगा होऊन पडत नाही. वरचा भाग रेक्झिनचा असेल, तर तो बोटाने दाबून दुमडून पाहा. घडीवर बारीक भेगा उमटल्या, तर त्याचाही वरचा थर त्याच मार्गाने चालला आहे आणि नव्या तळाचा खर्च करू नये. पुढच्या वेळी समारंभाचे बूट घेताना दुकानदाराला तळ पीयूचा आहे की रबराचा, हे स्पष्ट विचारा. पीयूचाच घ्यायचा झाला, तर तो जपून न ठेवता नेहमी घाला, म्हणजे दिलेल्या पैशांचा निदान वापर होईल.